गणपतीवरचे तीन ठिपके

जळकोट,
१२ ऑगस्ट २०२५

नंदीश,

वर 'चिरंजीव' नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. लिहायला घेतलं होतं, हात पुढं गेला नाही. फोन करणार होतो, पण फोनवर मी ओरडतो आणि तू ठेवून देतोस. तीन वर्षं आपलं हेच चाललंय. पत्र मधेच तोडता येत नाही. तेव्हा बस आणि वाच.

काल अक्षरा वकिलांनी धाराशिवहून तुमच्या प्रयोगशाळेच्या अहवालाची झेरॉक्स पाठवली. अकरा पानं. त्यातली दहा नुसत्या वर-खाली जाणाऱ्या रेघांची, मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. अकराव्या पानावर खाली तुझी सही होती, ती कळली.

अहवाल म्हणतो, 'नमुना क्रमांक दोनवरील लाल रंग नमुना क्रमांक एकवरील शाईशी जुळत नाही.' तुझ्यासाठी ते नमुने होते. ते कोण होते, ते मी सांगतो.

नमुना क्रमांक एक म्हणजे माझ्या फाईलमधली एक पत्रिका, मे १९९४ ची, दुसऱ्याच कुणाच्या लग्नाची. तुलनेसाठी कोर्टानं मागितली म्हणून दिली. आणि नमुना क्रमांक दोन म्हणजे द्वारकाबाईच्या लग्नाची पत्रिका. तोच महिना, आपल्या प्रेसचं तेच ट्रेडल छपाई मशीन, त्याच डब्यातली शाई. द्वारकाबाई तुला आठवत असेल, शाळेच्या मागं उत्तरेश्वरचं घर, दारात शेवगा. ती सास्तूरकडची. त्र्याण्णवच्या भूकंपात तिच्या माहेरचं एकही माणूस उरलं नाही. पुढच्या वैशाखात उत्तरेश्वरनं तिच्याशी लग्न केलं, देवळात, चार माणसांत. लग्न लावणारे गेले, ती चार माणसंही गेली. फोटो कुणी काढला नव्हता. एकोणतीस वर्षं संसार झाला, मूलबाळ नाही, आणि दोन वर्षांमागं उत्तरेश्वर गेला.

आता त्याचा पुतण्या रणधीर म्हणतो, ही काकाची बायको नव्हतीच. कामाला ठेवलेली बाई होती, ती घरातच राहून गेली. तिला घराबाहेर काढा म्हणून त्यानं दावा लावलाय. तिनं रेशनकार्ड दाखवलं, तर त्याचा वकील म्हणतो, ही कार्डं माणूस सांगेल तशी लिहितात. लग्न झालं त्या वेळचा एकच कागद तिच्याजवळ आहे. तो मी छापला आणि तू खोटा ठरवलास.

'खोटा म्हटलं नाही, जुळत नाही म्हटलं,' असं तू म्हणशील. तुझ्या भाषेत असेल फरक. रणधीरच्या वकिलानं कोर्टात त्याचं भाषांतर करून दिलं: पत्रिका आत्ताच कधीतरी नव्या शाईनं छापलेली आहे आणि छापणारा म्हातारा बाईला सामील आहे. तो म्हातारा म्हणजे मी. मी उठून सांगितलं, कागद उलटा करा आणि पाठीवरून बोट फिरवा. खिळे जुळवून छापलेलं अक्षर कागदात रुततं, ते बोटाला लागतं. तो हसला. म्हणाला, "मशीन अजून तुमच्याकडंच हाय न्हवं अप्पा? खिळे बी हायत?" आहे मशीन! खिळेही आहेत! लोकांनी भंगारात घातलं तेव्हा मी घातलं नाही, हा आता माझा गुन्हा झाला.

आणि जबाबात मी छातीठोक सांगितलं होतं. पत्रिका तुमच्याकडं पाठवायच्या आधी मला विचारलं होतं, शाईखेरीज यावर दुसरा काही रंग आहे का? मी म्हटलं, एकरंगी काम, लाल शाई, माझ्या हातून गेलेल्या कागदावर दुसऱ्या कशाचा ठिपका नसतो. त्यावर सही केली. पंचेचाळीस वर्षं या माणसानं कागद हाताळला, पण त्याच्या शब्दापेक्षा तुझा लेझर मोठा.

पत्रिकेच्या तळाशी प्रेसचं नाव आहे. ते वाचून तुला काहीच वाटलं नाही? त्याच प्रेसवर तू मोठा झालास.

पण मी नवल तरी कशाला करू? अर्ध्या तालुक्याच्या लग्नपत्रिका बापानं छापल्या आणि पोरानं स्वतःचं लग्न सरकारी कचेरीत उरकलं. पत्रिका नाही, अक्षता नाही, वाजंत्री नाही. ते कसलं लग्न, हे मी तेव्हा म्हणालो आणि आजही म्हणतो. तुझ्या घरात जी मुलगी राहते तिला मी सून म्हणत नाही, हे तुझी आई तुला चोरून फोनवर सांगतच असेल. मीही लेखी कळवतो.

या अहवालाचा खुलासा मला पाहिजे.

अजून तरी तुझा बाप,
शंभुलिंग

जळकोट,
२४ ऑगस्ट २०२५

नंदीश,

बारा दिवस झाले. पोस्टमनला मी रोज विचारतो आणि तो रोज मान हलवतो. तुझी आई म्हणते, पोरगं कामात असेल. असेल ना. लोकांची घरं पाडायला वेळ लागतोच.

परवा द्वारकाबाईला घेऊन अक्षरा वकिलांकडं धाराशिवला गेलो होतो. एसटीत बाईला खिडकीची जागा दिली. मांडीवर पिशवी घट्ट धरून बसली होती. वकीलबाईंनी मला तुझं यंत्र समजावून सांगितलं, तुझ्यापेक्षा बरं. म्हणे लेझरचा मोहरीपेक्षा बारीक ठिपका रंगावर सोडतात, उजेड उलटा फिरतो, आणि प्रत्येक रंग त्याची आपापली रेघ काढून दाखवतो. कागदाला ओरखडाही पडत नाही. नाव रामन. बरं. मग मी अहवाल पुन्हा उघडला आणि बोट ठेवून वाचला. त्या पत्रिकेत मी वर गणपतीचा ब्लॉक बसवला होता आणि खाली वधूवरांची नावं, मुहूर्त, आग्रहाचं निमंत्रण, सगळं हातानं जुळवलं होतं. सव्वातीनशे अक्षरं तरी असतील. आणि तू लेझर मारलास तीन ठिकाणी. तिन्ही गणपतीवर! सोंड, पोट आणि मोदक! खालच्या अक्षरांनी तुझं काय घोडं मारलं होतं?

वकीलबाई म्हणतात, तिथं रंग सगळ्यात दाट असतो म्हणून घेतलं असेल. असेल. पण मग जुळलं का नाही, हे त्यांनाही सांगता आलं नाही. दाव्याचा निकाल लागायच्या आधीच बाईला बाहेर काढा, असा रणधीरनं अर्ज दिलाय, त्याची सुनावणी बावीस सप्टेंबरला आहे. तोवर या अहवालाला आपल्याकडं उत्तर नसलं, तर बाई खोटे कागद करते असा शिक्का बसणार, आणि मग तिनं एकोणतीस वर्षांचं काहीही सांगितलं तरी ते कोण ऐकणार? तिला घर सोडावं लागेल. जाणार कुठं? माहेर तर जमिनीनंच गिळलं.

परत येताना नळदुर्गला गाडी थांबली तेव्हा बाईनं तोंड उघडलं. "अप्पा, त्या मशीनला कागदावर काय काय लागलंय ते समदं दिसतं का?"

मी म्हटलं, "दिसतं. पण बघणाऱ्याला अक्कल पाहिजे."

"जुनं बी? पुसलेलं बी?"

मला तिचा राग आला. म्हटलं, "द्वारकाबाई, मी छापलेलं कधी पुसत नसतं." तिनं पिशवी आणखी जवळ ओढली.

आणि काल रणधीर प्रेसवर आला. जीपमधून उतरला, पान थुंकला, आत येऊन काउंटरवर टेकला. "अप्पा, आमच्या वैष्णवीचं लगीन ठरलंय. पत्रिका तुमच्याकडंच टाकतो. फकस्त ह्या बारीला शाई खरी घाला."

दुकानात दोन गिऱ्हाईकं होती. दोघंही हसली. मी काही बोललो नाही. नंदीश, मी काही बोललो नाही, यावरून समज माझं काय झालं असेल. पंचेचाळीस वर्षांत माझ्या दुकानात मला कुणी असं बोललं नव्हतं, आणि त्याच्या हातात ते हत्यार माझ्या पोरानं दिलंय.

उत्तर दे.

शंभुलिंग

जळकोट,
६ सप्टेंबर २०२५

नंदीश,

तुझं पत्र मिळालं. सहा ओळींचं. शास्त्रज्ञ झालास म्हणून इतका कंजूष? पण त्या सहा ओळी मी इतक्यांदा वाचल्यात की पाठ झाल्यात.

'अप्पा, लाल रंगात कपड्यांना आणि स्वस्त कुंकवाला वापरतात तो रंग सापडला. तो लेझरखाली इतका पेटतो की खालची शाई दिसतच नाही. गणपतीवर मला बारीक कण दिसले होते. शाईखेरीज काही लावलंय का, असं मी विचारलं होतं. उत्तरादाखल तुमचा आधीचाच जबाब आला. माझे वडील कागदाबद्दल चुकीचं सांगत नाहीत, असं मी साहेबांना म्हणालो आणि कण बाजूला ठेवून पुढं गेलो. गणपतीवर काय लावलं होतं?'

पहिल्यांदा वाचलं तेव्हा पत्र फेकून दिलं. काय लावलं होतं म्हणजे? मी काय रंगारी आहे? तुझ्या आईनं ते उचललं, चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "अहो, कुंकू."

मी म्हटलं, कुंकवाचं काय?

"पयली पत्रिका मशीनवरून निघाली की तुम्ही काय करता?"

खाली बसलो. नंदीश, तुला माहीत आहे मी काय करतो. पहिली पत्रिका निघाली की शाई वाळू द्यायची, मग गणपतीला हळदीकुंकू लावायचं आणि ती घरधन्याच्या हातात द्यायची. बाकीच्या नंतर. वडिलांनी मला शिकवलं आणि मी हजारो वेळा केलं. आणि वकिलाच्या कारकुनानं 'शाईखेरीज दुसरा रंग आहे का' असं विचारलं, तेव्हा मी बेधडक नाही म्हणालो. खोटं बोललो नाही रे. माझ्या डोक्यातच आलं नाही. कुंकू हा रंग आहे असं आपण कधी म्हणतो का? रंग डब्यात असतो, तो रुळाला लावतात. कुंकू देवाला लावतात. असल्या माणसाला कोर्टात उभं केलं की हे असं होतं.

तरी मी म्हटलं, एकतीस वर्षांमागं लावलेलं चिमूटभर कुंकू एवढा घोळ घालेल? तडक द्वारकाबाईकडं गेलो. उन्हाचे अकरा वाजले होते, ती दारात शेंगा निवडत होती. मी उभ्याउभ्याच विचारलं, "पत्रिकेला कुंकू लावलंय का?"

तिच्या हातातली शेंग खाली पडली.

"कुणी सांगितलं तुमाला?"

"मशीननं."

बराच वेळ ती निवडलेल्या शेंगा पुन्हा निवडत बसली. मग बोलली. उत्तरेश्वर होता तोवर दर वर्षी लग्नाच्या तिथीला ती पत्रिका देव्हाऱ्यातून काढायची आणि गणपतीला बोट टेकवायची. तो हसायचा म्हणे. तो गेल्यावर दहाव्याच्या दिवशी विमलबाईनं, म्हणजे रणधीरच्या आईनं, हिला चुलीपुढं बसवून बांगड्या फोडल्या आणि कपाळ पुसलं. "लई जोरात पुसलं अप्पा. कातडं निघंल असं. म्या काय बी बोल्ले न्हाय. दुसऱ्या मंगळवारी करंडा उघडला, तर बोट कपाळाकडंच निघालं. मग घाबरले. कुणी बगितलं तर काय म्हणतील. म्हणून पत्रिका काढली आन् गणपतीला लावलं. तवापासून दर मंगळवारी लावते. ओल्या बोटानं. कपाळाचं पुसलं, त्या कागदावरचं कोण पुसनार?"

"मग कोर्टात द्यायच्या आधी का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? रांडमुंड बाई कुंकू लावते म्हणून? पदरानं पुसून घेतली आन् दिली. मला वाटलं, गेलं समदं."

गेलं नव्हतं. वरची पूड गेली होती, थोडे कण राहिले होते आणि रंग कागदात मुरला होता. तुझ्या यंत्राला तेवढाच दिसला. ज्या बाईनं दर मंगळवारी त्या लग्नाला कुंकू लावलं, तिचं लग्न खोटं आहे याला पुरावा तेच कुंकू! आणि पहिलं बोट माझं! हे लिहितानाही माझ्या अंगाची आग होते. कुणावर ओरडू? तुझ्यावर ओरडायची सवय आहे, पण या वेळी ते गैरलागू आहे. तू माझ्या शब्दावर विसंबलास. स्वतःच्या डोळ्यांनी कण बघितलेस आणि बाजूला ठेवलेस, कारण बाप म्हणतो नाही म्हणून. तीन वर्षं ज्याच्याशी धड बोललो नाही, तो माझ्यासाठी साहेबाला असं म्हणाला. तुला हे आधी सांगता आलं नाही? मला कळू दिलं असतंस तर बिघडलं असतं?

मी निघालो तेव्हा द्वारकाबाईनं विचारलं, "अप्पा, तुमच्या नंदीशच्या लग्नाची पत्रिका बगायलाच मिळाली न्हाय. कसली छापली?"

तिला ठाऊक नाही. मी म्हटलं, छापली नाही.

"मंग लगीन?"

"झालं. कचेरीत."

"व्हय. झालं म्हंजे झालं," असं म्हणून ती शेंगांकडं वळली.

रस्त्यानं येताना मला एक गोष्ट कळली आणि ती मला अजिबात आवडली नाही. रणधीरचा वकील म्हणतो, पत्रिका नाही तर लग्न नाही. हे वाक्य मी तीन वर्षं माझ्या घरात बसून म्हणतोय. त्याला निदान त्याचा पक्षकार आहे. मला तेवढंही कारण नव्हतं.

तुझ्या पत्राच्या पाकिटात दुसरी चिठ्ठी होती, तीही वाचली. 'अप्पा, बाईंना म्हणावं घाबरू नका. निकिता.' अक्षर गोल आहे, सुबक. बाईंना निरोप दिला.

तू कोर्टाला लिहिणार आहेस, तर लवकर लिही.

तुझा,
अप्पा

जळकोट,
२४ सप्टेंबर २०२५

चि. नंदीश आणि चि. सौ. निकिता यांस,

वरची ओळ लिहिताना मी दोनदा पेन खाली ठेवलं. शेवटी लिहिली. आता तिच्याबद्दल तुम्ही दोघांनी मला काही विचारू नये.

नंदीश, तुझं पत्र प्रयोगशाळेच्या शिक्क्यानिशी कोर्टात पोचलं. तिन्ही ठिकाणं गणपतीवरची होती, वरून लावलेल्या दुसऱ्या रंगाची शक्यता तपासली नाही, आणि प्रेस वडिलांचं आहे हे साहेबांना सांगूनही काम आपल्याकडं ठेवलं ही चूक झाली, असं तू स्वतःच लिहिलंस. न्यायाधीशबाईंनी ते मोठ्यानं वाचलं. मी मान खाली घातली होती, पण ती लाजेनं नव्हे, एवढं ध्यानात ठेव.

मग माझी पाळी. आधी सांगितलेलं चुकीचं होतं, असं भरल्या कोर्टात कबूल करायचं होतं. रणधीरच्या वकिलानं माझी सालटी काढली. "आधी म्हणता दुसऱ्या कशाचा ठिपका नाही, आता म्हणता कुंकू लावलं. अजून काय काय आठवणार आहे?" मी म्हटलं, "वकीलसाहेब, तुमच्या लग्नाची पत्रिका मीच छापली. तिच्यावरही लावलं होतं. घरी जाऊन बघा." लोक हसले. न्यायाधीशबाईंनी मला समज दिली. मी माफी मागितली आणि सरळ सांगितलं की मी कुंकवाला रंग धरत नाही, म्हणून चुकलो. मग खाली उतरलो. पण माझं काय, माझं नाक कापलं गेलं तरी घर जाणार नव्हतं.

खरं काम द्वारकाबाईचं होतं. आदल्या दिवशीपर्यंत ती नाहीच म्हणत होती. मी एकतीस वर्षांमागं लावलेल्या एका बोटानं भागत नव्हतं. नंतरचं कुंकू तिनं स्वतः सांगायला पाहिजे होतं, तेही गावातली निम्मी माणसं मागच्या बाकांवर बसलेली असताना. विमलबाईही आली होती, नवी साडी नेसून. अक्षरा वकील म्हणाल्या, बळजबरी नाही, पण तुम्ही बोलला नाहीत तर अहवाल तसाच राहील. द्वारकाबाईनं विचारलं, "न्हाय बोल्ले तर ते म्हणतील, हिचं लगीनच न्हवतं?" त्या म्हणाल्या, हो. मग बाई उठली.

हळू आवाजात तिनं सगळं सांगितलं. मंगळवार, ओलं बोट, पदरानं पुसणं, सगळं. मागं कुजबुज सुरू झाली. रणधीरच्या वकिलाला आयतंच मिळालं. तो तिच्याकडं न बघता मागच्या बाकांकडं बघून म्हणाला, "बाई, तुमच्याच म्हणण्याप्रमाणं तुम्ही विधवा. मग कुंकू कुणाच्या नावानं लावता?"

एकजण खिदळला. अक्षरा वकील उठायला लागल्या. पण त्यांच्या आधी द्वारकाबाई बोलली. आवाज चढलेला. तो मी कधी ऐकला नव्हता.

"थांबा साहेब. म्या बायकोच न्हवते म्हणता न्हवं? कामाची बाई होते? मंग दहाव्याला ह्या रणधीरच्या आईनं माझं कपाळ का पुसलं? बांगड्या का फोडल्या? ती बगा, तिथं बसलीया, इचारा तिला. कामाच्या बाईचं कुंकू पुसतेत व्हय? मालक मेल्यावर गड्याच्या बायकूच्या बांगड्या फोडतेत का कुटं? रांड करायच्या येळेला मी बायको होते. घर द्यायच्या येळेला न्हाय!"

नंदीश, मागच्या बाकांवरची सगळी माणसं विमलबाईकडं वळली. खिदळणारा खाली बघत होता. विमलबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. न्यायाधीशबाईंनी वकिलाला विचारलं, त्या दिवशी असं झालं हे तुम्हाला अमान्य आहे का? तो रणधीरकडं वळला, रणधीर आईकडं वळला. आईनं मान वर केली नाही. अर्ध्या गावानं ते बघितलं होतं, नाही कसं म्हणणार?

पत्रिका आता दुसऱ्या प्रयोगशाळेत जाणार, आणि या वेळी लेझर खालच्या अक्षरांवर मारायचा, असं न्यायाधीशबाईंनी लेखी दिलंय. तोवर बाईला घरातून कुणी हलवायचं नाही.

तुझी आई निकिताला विचारते, तिला शेंगाची चटणी चालते का? मी नाही, ती विचारते.

अप्पा

जळकोट,
२१ जानेवारी २०२६

चि. नंदीश आणि चि. सौ. निकिता,

दुसरा अहवाल आला. वधूच्या नावावर, वराच्या नावावर, मुहूर्ताच्या ओळीवर आणि तळाच्या आपल्या प्रेसच्या नावावर, चारही ठिकाणी शाई नमुना क्रमांक एकशी जुळते. तुझ्या जागी जो कोणी बसला होता त्यानं गणपतीला हात लावला नाही. काल न्यायाधीशबाईंनी रणधीरचा अर्ज फेटाळला. दावा अजून चालेल, वर्षं लागतील, पण त्यांनी लिहिलंय की द्वारकाबाई ही उत्तरेश्वरची लग्नाची बायको असल्याचं दिसतं आणि तिला त्या घरातून काढता येणार नाही.

आनंद झाला असं लिहिणार होतो. झाला, पण रागही गेला नाही. एका बाईला आपण बायको होतो हे सिद्ध करायला आधी आपलं कपाळ कसं पुसलं ते चारचौघांत सांगावं लागतं, आणि मग दुसऱ्या गावच्या यंत्रानं हो म्हणावं लागतं. याची लाज कुणाला वाटली असेल, असं मला दिसलं नाही.

बाहेर आल्यावर द्वारकाबाई वकीलबाईंना म्हणाली, माजी पत्रिका द्या. त्या म्हणाल्या, दावा संपेपर्यंत ती कोर्टाच्या फाईलमध्येच राहणार. बाईनं पुन्हा विचारलं, मंगळवारपुरती तरी? नाही म्हणाल्या. एसटीत ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. काल मंगळवारच होता.

आज सकाळी दहाच्या सुमाराला ती प्रेसवर आली. मी खिळे पुसत होतो. मान वर केली आणि हातातलं फडकं तसंच राहिलं. तिच्या कपाळावर कुंकू होतं. बारीक टिकली नव्हे, आपल्याकडच्या बायका लावतात तेवढं, रुपयाएवढं गोल.

मी स्टूल पुढं केलं. म्हटलं, "बाई, गावातून आलीस?"

"मंग काय उडत येऊ? कागद तर कोर्टानं ठेवून घेतला. आता कुटं लावू?"

घरापासून प्रेसपर्यंत येताना मधे शाळा लागते, बाजार लागतो, रणधीरचं घर लागतं. विमलबाई ओट्यावर बसली होती म्हणे. हिनं तिच्या पुढ्यात उभं राहून पदर डोक्यावरून मागं घेतला, कपाळ नीट दिसावं म्हणून. तिथं विमलबाई होती, रणधीर होता, शेजारच्या चार बायका होत्या. एकालाही ते पुसायला हात वर करायची छाती झाली नाही.

अप्पा